स्वस्त सूर्य, महाग संध्याकाळ

सौरवीज कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त झाली, आता कोळशाचे दिवस भरले, हे वाक्य मी गेली सात-आठ वर्षे ऐकतो आहे. परिसंवादांत ते ऐकू येते, मंत्रालयांच्या सादरीकरणांत ते पहिल्याच पानावर असते, आणि हल्ली तर लग्नाच्या पंगतीतही कोणी भाचा ते ठामपणे सुनावतो. आशय साधारण असा, की तंत्रज्ञानाने आपले काम केले आहे, उरलेले काम बाजार करील. सरकारने मध्ये लुडबूड केली नाही म्हणजे झाले. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला या वाक्याचा मोह पडावा अशीच त्याची घडण आहे. स्वस्त वस्तू महाग वस्तूला बाजारातून हुसकावते, हा तर आमचा पहिल्या वर्षाचा धडा. परंतु जवळजवळ तीन दशके शासनाच्या फायली हाताळल्यानंतर मला हे वाक्य भाबडे वाटते, आणि काहीसे धोकादायकही. भाबडे यासाठी, की आपल्या देशात वीज ज्या रीतीने विकत घेतली जाते तिला बाजार म्हणणे कठीण आहे. धोकादायक यासाठी, की जे आपोआप होणार आहे त्यासाठी कोणी खटपट करीत नाही.

मुळातले आकडे खोटे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौरविजेसाठी युनिटला १७ रुपये ९१ पैसे दर ठरवला होता. पहिल्या लिलावातल्या बोली अकरा-बारा रुपयांच्या घरात आल्या, तेव्हा हे प्रकल्प उभे तरी राहतील का, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातील रीवा येथे पहिल्या वर्षासाठी २ रुपये ९७ पैसे, मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैसे, आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमध्ये १ रुपया ९९ पैसे. दहा वर्षांत दर बरोबर नवव्या हिश्श्यावर आला. तांदूळ, सिमेंट, पोलाद यांपैकी कशाच्याही बाबतीत असे घडल्याचे मला आठवत नाही.

हे का घडले? सौरपट्ट्यांचे जगातील एकूण उत्पादन जेव्हा जेव्हा दुप्पट होते, तेव्हा तेव्हा त्यांची किंमत साधारण एक-पंचमांशाने उतरते, असा गेल्या चार-पाच दशकांचा अनुभव आहे. आणि हे दुप्पट होणे प्रामुख्याने चीनच्या कारखान्यांनी घडवले. आपल्याकडे त्याला स्पर्धात्मक लिलावाची, सौर उद्यानांतील तयार जमिनीची आणि केंद्राच्या कंपनीने मध्यस्थ खरेदीदार म्हणून दिलेल्या हमीची जोड मिळाली. त्यानंतर दर अडीच रुपयांच्या आसपास रेंगाळले, कारण एप्रिल २०२२ पासून आपणच आयात सौरपट्ट्यांवर ४० टक्के आणि सौरघटांवर २५ टक्के सीमाशुल्क बसवले. देशी कारखानदारीसाठी ते योग्य होते की नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय. पण सर्व काही बाजारावर सोपवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की भाव किती उतरू द्यायचा हेसुद्धा सरकारच ठरवीत आले आहे.

आता दुसरी बाजू. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली, आणि त्याचा योग्य तो गाजावाजाही झाला. स्थापित क्षमता म्हणजे यंत्राच्या पाटीवर कोरलेला आकडा. यंत्र वर्षभरात प्रत्यक्ष किती वीज देते ही निराळी गोष्ट. २०२४-२५ या वर्षात देशात निर्माण झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाची होती. त्याच वर्षी देशातील कोळशाचे उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांच्या पुढे गेले. तोही उत्सव झाला. एकच शासन एकाच वर्षात दोन्ही उत्सव साजरे करते यात मला ढोंग दिसत नाही. विजेची मागणी एवढ्या वेगाने वाढते आहे की दोन्ही जण एकाच वेळी वाढू शकतात. परंतु ज्याला 'मागे टाकणे' म्हणतात ते हे नव्हे.

याहून बोलके आकडे २०२५ सालच्या औष्णिक विजेच्या निविदांमध्ये आहेत. उत्तर प्रदेशाने नव्या कोळसा केंद्राची वीज युनिटला ५ रुपये ३८ पैशांनी, मध्य प्रदेशाने ५ रुपये ८० पैशांहून थोड्या अधिक दराने आणि बिहारने ६ रुपये ७ पैशांच्या आसपास घेण्याचे ठरवले. त्याच्या थोडे आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, केंद्राच्या सौर महामंडळाच्या लिलावात २,००० मेगावॉट सौरऊर्जा आणि तिच्या जोडीला १,००० मेगावॉट वीज चार तास पुरवू शकेल एवढी साठवण, हे दोन्ही मिळून ३ रुपये ५२ पैसे दर आला होता. म्हणजे स्वस्त माल दुकानात मांडलेला आहे, आणि गिऱ्हाईक महाग मालाचा पंचवीस वर्षांचा करार करून घरी जात आहे. स्वस्ताई आपोआप जिंकते असे मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे. ही तिन्ही राज्ये मूर्ख आहेत, हे उत्तर होऊ शकत नाही.

पाणी नेमके कुठे मुरते ते पाहण्यासाठी वितरण कंपनीच्या खुर्चीत बसावे लागते. औष्णिक केंद्राशी होणाऱ्या करारात दर दोन भागांचा असतो. पहिला स्थिर आकार: केंद्र चालण्यास सज्ज असले की, त्याची वीज घ्या अथवा न घ्या, हा द्यावाच लागतो. दुसरा इंधनाचा आकार: जेवढी वीज घेतली तेवढ्यापुरता. खाणीच्या तोंडाशी असलेल्या जुन्या केंद्रांचा इंधनखर्च युनिटला दीड-दोन रुपयेच असतो. उदाहरणादाखल असे समजा, की एका वितरण कंपनीचा अशा केंद्राशी जुना करार आहे, स्थिर आकार एक रुपया आणि इंधन एक रुपया साठ पैसे. एकूण दोन रुपये साठ पैसे. दारात अडीच रुपयांची सौरवीज येते. कागदावर ती दहा पैशांनी स्वस्त. पण ती घेतली तरी स्थिर आकाराचा रुपया वाचत नाही. वाचतात फक्त इंधनाचे एक रुपया साठ पैसे, आणि द्यावे लागतात अडीच. म्हणजे स्वस्त वीज घेऊन कंपनीला युनिटमागे नव्वद पैशांचा तोटा. नव्या सौरप्रकल्पाची स्पर्धा नव्या कोळसा केंद्राशी असते तेव्हा तो सहज जिंकतो. पण त्याची खरी गाठ पडते ती जुन्या, भांडवल फिटलेल्या केंद्राच्या निव्वळ इंधनखर्चाशी. वर्तमानपत्रांतील तुलनांमध्ये हा भेद क्वचितच आढळतो. म्हणूनच प्रत्येक नवा औष्णिक करार हा केवळ आजचा खर्च नसतो. तो उद्याच्या स्वस्त विजेच्या वाटेत पंचवीस वर्षांसाठी घातलेला दगड असतो.

दुसरा मुद्दा वेळेचा. आपल्या भाषेत किंमत आणि मोल असे दोन शब्द आहेत, आणि वीज हा त्यांतला फरक शिकवणारा उत्तम विषय आहे. मे २०२५ मध्ये काही दुपारी वीज विनिमय केंद्रावरील भाव जवळजवळ शून्यावर आले होते. त्याच व्यवस्थेत टंचाईच्या संध्याकाळी भाव दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. दुपारचे युनिट आणि संध्याकाळी आठचे युनिट हे एकच जिन्नस नव्हेत. दुपारी सौरवीज जितकी वाढेल तितके तिचे मोल घटत जाणार, मग तिची किंमत कितीही उतरो.

कोळशाचे समर्थक हा मुद्दा मोठ्या आनंदाने मांडतात. रात्री सूर्य नसतो, हे ते एखादा शोध लावल्याच्या थाटात सांगतात. त्यांनाही आता नवे पाठांतर करावे लागेल. २०२२ मध्ये बॅटरी साठवणीच्या पहिल्या मोठ्या लिलावात दर मेगावॉटला दरमहा सुमारे १० लाख ८४ हजार रुपये भाडे निघाले होते. २०२४ संपता संपता, केंद्राचे अर्थसाहाय्य धरून, ते राजस्थानात २ लाख २१ हजारांवर आले. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील मुरैना येथे साठवणीसह सौरविजेचा दर २ रुपये ७० पैसे निघाला. अर्थात बॅटरी चार तास चालते, चार दिवस नाही. पावसाळी आभाळात सौरपट्ट्या निम्म्याने थकतात. पण नेमक्या त्याच महिन्यांत पश्चिम आणि दक्षिण भारतात वारा जोर धरतो. उरते ती हिवाळ्यातील दीर्घ रात्र आणि सलग मळभाचे काही दिवस. त्यासाठी आज उभी असलेली दोन लाख मेगावॉटहून अधिक कोळशाची क्षमता आहेच. तिला लगेच टाळे लावा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न तिच्यात भर घालण्याचा आहे. आणि २०३१-३२ पर्यंत किमान ८०,००० मेगावॉट भर घालण्याचे आपण योजले आहे.

मग घोडे अडते कुठे? माझ्या मते सहीजवळ. ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांना हे पटवणे अवघड आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

समजा एका वितरण कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाने आज सौर आणि साठवणीचा करार साडेतीन रुपयांनी केला. दोन वर्षांनी शेजारच्या राज्यात तोच माल तीन रुपयांनी मिळाला. लगेच विधानसभेत प्रश्न येतो, लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो, आणि पन्नास पैसे गुणिले इतकी कोटी युनिटे गुणिले पंचवीस वर्षे असा गुणाकार करून राज्याचे किती नुकसान झाले ते छापून येते. सही करणारा अधिकारी निवृत्त झालेला असला तरी त्याला पत्र जाते. आता समजा त्याने करार केलाच नाही, आणि संध्याकाळची तूट विनिमय केंद्रावरून दहा रुपयांनी किंवा आयात कोळशाच्या विजेने भरून काढली. तो खर्च इंधन समायोजन आकार या नावाने (दिल्लीच्या बिलावर त्याला पीपीएसी म्हणतात) ग्राहकाच्या बिलात जातो. त्यावर कोणी नाव घेऊन प्रश्न विचारीत नाही. न केलेल्या कराराची फाईलच नसते, तर आक्षेप कशावर घेणार?

ही कल्पनेतली भीती नव्हे. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात नवे सरकार आले आणि आधीच्या राजवटीत झालेले पवन व सौर करार महाग ठरवून पुन्हा वाटाघाटीस काढले गेले. प्रकरण न्यायालयात असताना अंतरिम दर म्हणून पवनऊर्जेला २ रुपये ४३ पैसे आणि सौरऊर्जेला २ रुपये ४४ पैसे मिळाले. हे आकडे ओळखीचे वाटले असतील, कारण देशात २०१७ मध्ये निघालेले तेच नीचांकी दर होते. म्हणजे पुढच्या लिलावाचा भाव मागच्या कराराला लावला गेला. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मूळ करारातील दरानेच पैसे द्यावेत असा निर्णय दिला. पण अडीच वर्षांत देशभरच्या वितरण कंपन्यांनी आणि बँकांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला होता.

यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. सौरविजेचे भाव उतरत आहेत म्हणूनच करार होत नाहीत. आज थांबलो तर उद्या आणखी स्वस्त मिळेल, आणि आज घेतले तर उद्या उत्तर द्यावे लागेल. २०२५ मध्ये केंद्रीय संस्थांनी लिलाव पूर्ण केलेल्या परंतु कोणत्याही राज्याने खरेदी करार न केलेल्या प्रकल्पांची क्षमता ४०,००० मेगावॉटहून अधिक होती. कोळशाला ही अडचण नाही. त्याचा भाव उतरत नाही, म्हणून घाईने घेतल्याचा ठपका कधी बसत नाही. उतरती किंमत जिंकून देईल असे म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवू इच्छितो, की आपल्या शासनव्यवस्थेत उतरती किंमत हीच खरेदीदाराला गोठवते.

कोळशावर कोण कोण जगते हेही पाहावे. रेल्वे वाहून नेते त्या मालापैकी वजनाने जवळपास निम्मा कोळसा असतो, आणि या मालभाड्याच्या कमाईतूनच प्रवासभाडे कमी ठेवले जाते. पुण्याहून जबलपूरला स्वस्तात जाणारा प्रवासी कोळशाचा अप्रत्यक्ष लाभार्थी आहे. झारखंड, छत्तीसगढ, ओडिशा या राज्यांना कोळशाच्या किमतीवर १४ टक्के स्वामित्वधन मिळते. खाणीच्या जिल्ह्यांत २०१५ नंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा येतो, आणि तेथील शाळा, रस्ते, पाण्याच्या टाक्या त्यातून होतात. सूर्यप्रकाशावर स्वामित्वधन नाही. अशा स्थितीत कोरबाच्या किंवा धनबादच्या लोकप्रतिनिधीने सौरविजेच्या दरांवर टाळ्या वाजवाव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे. सिंगरौली, कोरबा, चंद्रपूर येथे अनेक मराठी कुटुंबे दोन-दोन पिढ्या या उद्योगावर उभी राहिली आहेत. कोल इंडियाचे नियमित कर्मचारीच दोन लाखांहून अधिक आहेत, आणि कंत्राटी मजूर वेगळे. त्यांच्यासाठी पर्यायाची तरतूद करणे हे बाजाराचे काम नाही. त्यासाठी पैसा राखून ठेवावा लागतो.

तसा पैसा राखण्याची सोय एकदा झाली होती. २०१० च्या अर्थसंकल्पात कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसवला गेला, आणि तो स्वच्छ ऊर्जेसाठी वापरण्याचे ठरले. २०१६ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने ४०० रुपयांवर गेला. जगात फार थोड्या विकसनशील देशांनी कोळशावर इतका स्पष्ट कर बसवला असेल. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळवण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्दच झाला. कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेला गेला. कररचना सुटसुटीत झाली, हे मान्य. पण पूर्वी टनाला ठरावीक रक्कम होती, त्यामुळे हलक्या, जास्त राखेच्या कोळशावर कराचा बोजा प्रमाणाने अधिक पडे. आता किमतीवर टक्केवारी असल्याने नेमका तोच कोळसा स्वस्त झाला. हा निर्णय घेताना ऊर्जासंक्रमणाचा विचार झाला असेल तर तो फार हळू आवाजात झाला असावा.

वाहिन्यांविषयी थोडक्यात. सौरप्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. उच्च दाबाच्या पारेषण वाहिनीला जमीन, वन आणि न्यायालय यांतून वाट काढत त्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो. माळढोक पक्ष्याच्या अधिवासातील तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून समिती नेमली. पक्ष्याचा प्रश्न खरा होता, पण तो वाळवंटात उद्याने आखतानाच विचारायला हवा होता. आपल्याकडे वरातीमागून घोडे निघते. परिणामी २०२५ मध्ये राजस्थानात तयार प्रकल्पांनाही भर दुपारी उत्पादन रोखून धरावे लागले, कारण वीज बाहेर न्यायला तारच नव्हती. आंतरराज्य पारेषण शुल्कातील पूर्ण माफीही जून २०२५ अखेर संपली असून ती आता टप्प्याटप्प्याने घटणार आहे.

मी निराशेचा सूर लावतो आहे असे वाटत असेल तर एक चांगले उदाहरण सांगतो, आणि ते आपल्याच मुलखातले आहे. सूर्य संध्याकाळी आणता येत नाही, पण मागणी दुपारी नेता येते. महाराष्ट्रात शेतीपंपांना वर्षानुवर्षे रात्रीची वीज मिळत असे. शेतकरी कंदील किंवा बॅटरी घेऊन मध्यरात्री पाणी द्यायला जाई. साप, विंचू, बिबट्या यांच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर नव्याने आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ छोटे सौरप्रकल्प उभारून युनिटला तीन रुपयांच्या आसपास दराने वीज थेट शेतीच्या वाहिनीवर सोडली जाते, आणि पंप दिवसा चालतो. गुजरातनेही २०२० पासून हाच मार्ग धरला. बॅटरी नाही, वाळवंटातून येणारी तार नाही. फक्त वेळापत्रक बदलले. दिवसाच्या फुकटप्राय विजेने भूजलाचा उपसा वाढेल ही भीती आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करता कामा नये. तरीही सांगायचे ते असे, की हा विजय दर उतरल्यामुळे आपोआप मिळालेला नाही. कोणी तरी वाहिन्या वेगळ्या केल्या, गायरानाच्या जमिनी शोधल्या, ग्रामपंचायतींशी बोलणी केली, देयके वेळेवर देण्याची व्यवस्था बसवली. स्वस्त सूर्य सगळ्यांनाच उपलब्ध होता. ज्यांनी हे केले त्यांनाच तो मिळाला.

तेव्हा माझी मागणी बाजाराकडे नाही, माझ्याच बिरादरीकडे आहे. नव्या औष्णिक कराराच्या प्रत्येक टिपणीला एक तुलनापत्रक जोडणे नियामक आयोगांनी सक्तीचे करावे: तेवढीच सायंकालीन वीज सौर, पवन आणि साठवण यांतून त्या महिन्यातील लिलावाच्या दराने काय पडेल, आणि स्थिर आकाराचा पंचवीस वर्षांचा एकूण बोजा किती. लेखापरीक्षकाने करार तपासताना करार झाला त्या दिवसाचा बाजारभाव पाहावा, तपासणीच्या दिवसाचा नव्हे. आणि न केलेल्या करारामुळे विनिमय केंद्रावर मोजलेल्या जादा पैशांचाही तितक्याच तत्परतेने परिच्छेद काढावा. साठवणीचे करार पंचवीस वर्षांऐवजी बारा-पंधरा वर्षांचे आणि दरवर्षी थोड्या थोड्या क्षमतेचे केले, तर भाव उतरण्याचा लाभही मिळतो आणि एकाच सहीवर सगळा भार पडत नाही. कोळशावरील वाढीव कराचा काही हिस्सा खाणजिल्ह्यांसाठी नावानिशी बाजूला ठेवावा. यांतल्या एकाही गोष्टीला संशोधन लागत नाही.

२०२५ मध्ये ठरलेली औष्णिक केंद्रे २०३० च्या सुमारास सुरू होतील, आणि त्यांचे करार २०५५ पर्यंत चालतील. त्यांतल्या बहुतेक टिपण्या मंजूर झाल्या आहेत. पुढच्या टिपण्या या घटकेला वेगवेगळ्या राज्यांत टंकलिखित होत आहेत, आणि त्यांच्यासोबत वरील तुलनापत्रक जोडायला अजून वेळ आहे.